आरएक्स १०० चं इंजिन अपग्रेड करताय? आधी बॉटलनेक शोधा, मग पार्ट घ्या

खंबाटकी घाट अर्धा चढून झाला होता. तिसरा गियर, एक्सलरेटर पूर्ण पिळलेला. गाडी इतकी मस्त पळत होती, की दोन आठवड्यांपूर्वी केलेला खर्च वसूल झाला असं वाटत होतं. आणि अचानक इंजिनचा आवाज बदलला. क्षणभर काहीतरी घासल्यासारखं झालं आणि मागचं चाक लॉक झालं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून पडलो नाही. मागून येणारा ट्रक थोडा लांब होता म्हणून आज हा लेख लिहितोय.

गाडी बाबांची. १९९२ ची यामाहा आरएक्स १००, त्यांनी नोकरी लागल्यावर घेतलेली. मी तिला काय केलं होतं? एअर फिल्टरचा डबा काढून जाळीचा ओपन फिल्टर लावला, मूळ सायलेन्सर काढून ‘चेंबर’ बसवला आणि कार्ब्युरेटर होता तसाच ठेवला. इंजिन उघडल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “फिल्टर काढायला तुला सांगितलं कुणी?” उत्तर नव्हतं. व्हिडिओ बघून मीच ठरवलं होतं.

मित्रांनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसमध्ये कुणी न मोजता कोड ‘फास्ट’ करायला निघालं तर मी त्याला थांबवतो. आधी प्रोफायलिंग कर, बॉटलनेक कुठे आहे ते बघ, मग हात लाव, असं सांगतो. स्वतःच्या गाडीवर मात्र मी नेमकं उलटं केलं. तुम्ही तसं करू नये, म्हणून हा लेख.

हे इंजिन चालतं कसं?

आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. सिंगल सिलिंडर, टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड इंजिन. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. ताकद ११ हॉर्सपॉवर, तीही ७५०० आरपीएमच्या आसपास. आकडा आज लहान वाटेल, पण गाडीचं वजन साधारण १०० किलो. म्हणून तर पिकअप असा.

टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना या खिडक्या उघडतो आणि झाकतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतं. पिस्टन खाली आला की तिथून दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, इथे दर फेरीला एक.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, क्रँककेस हवाबंद असलीच पाहिजे. दुसरी, क्रँक आणि पिस्टनला लागणारं टू-टी ऑइल पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच आत येतं. आज बऱ्याच गाड्यांचा ऑइल पंप काढून टाकलेला असतो आणि ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. अशा गाडीत पेट्रोल कमी पडलं म्हणजे ऑइलही कमी पडलं.

माझ्या गाडीचं हेच झालं. ओपन फिल्टरमुळे हवा जास्त येऊ लागली, चेंबरमुळे इंजिन जास्त मिश्रण ओढू लागलं, पण जेटचं भोक तेवढंच राहिलं. मिश्रण ‘लीन’ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लीन मिश्रणावर इंजिन काही वेळ चक्क छान पळतं. फसगत तिथेच होते. आत तापमान चढत जातं, पिस्टन फुगतो, ऑइलचा थर तुटतो आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. यालाच सीझ होणं म्हणतात.

ब्लॉकला मोजकेच ‘लाइफ’ असतात

पिस्टन सीझ झाला की ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन टाकतात. हे ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्यांनी येतात. म्हणजे गेमसारखे चार लाइफ. ते संपले की नवीन स्लीव्ह बसवायची.

बाबांचा ब्लॉक जवळजवळ तीस वर्षं स्टँडर्ड बोअरवर होता. माझ्या एका संध्याकाळीने तो थेट ०.५० वर गेला. दोन लाइफ एकदम.

‘मोठा पिस्टन म्हणजे जास्त पॉवर’ असंही काहींना वाटतं. हिशोब करून बघा. पूर्ण १ मिमी वाढवला तरी इंजिन ९८ वरून १०२ सीसी होतं, जेमतेम ४ टक्के. बोअरिंग हा दुरुस्तीचा उपाय आहे, त्याला अपग्रेड म्हणू नका.

पायरी शून्य : गाडी आधी मूळ अवस्थेत आणा

तीस वर्षांच्या गाडीची पॉवर कमी वाटते, कारण तिची मूळ पॉवरच कुठेतरी गळत असते. ११ पैकी ८-९ हॉर्सपॉवरच चाकापर्यंत पोचत असतील, तर सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे उरलेले परत मिळवणं. हे क्रमाने तपासा :

१. क्रँकचे ऑइल सील. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रण लीन होतं आणि एक्सलरेटर सोडल्यावरही आरपीएम पटकन खाली येत नाही. क्लचच्या बाजूचं गेलं की गियर ऑइल जळून दाट पांढरा धूर येतो. चांगला मेकॅनिक इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण ६ पीएसआय हवा भरतो आणि ती टिकते का बघतो. माझ्या मते यावरून मेकॅनिकची परीक्षा होते. ‘असलं काही लागत नाही’ म्हणाला, तर दुसरा शोधा.

२. रिंग आणि कॉम्प्रेशन. गेजने मोजा. किक सहज खाली जाते म्हणजे इंजिन ‘स्मूथ’ आहे असं नाही.

३. कार्बन. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये काळा थर जमतो. नाक चोंदल्यावर पळायला सांगितलं तर कसं होईल? तसंच हे.

४. रीड व्हॉल्व्ह. पाकळ्या उजेडाकडे धरून बघा. फट दिसली किंवा कोपरा तुटलेला असला तर बदला. तुटका तुकडा इंजिनच्या आत जाऊ शकतो.

५. क्लच प्लेट, चेन, चाकांचे बेअरिंग आणि घासणारे ब्रेक. इंजिनने दिलेली ताकद इथे वाया जाते.

पुण्यात असाल तर सुट्या भागांसाठी नाना पेठेत चक्कर होईलच. डब्यावरच्या नावापेक्षा पार्ट हातात घेऊन बघा, जुना पार्ट बरोबर न्या, पिस्टनचं माप व्हर्निअरने तपासा. आरएक्सच्या नावाने नकली माल भरपूर विकला जातो.

ई२० पेट्रोलचं काय?

हा मुद्दा जुन्या व्हिडिओंमध्ये सापडणार नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर ई२० ला साधारण १३.५ पट. नव्या गाड्यांचा ईसीयू सेन्सर बघून हे जुळवून घेतो. आपल्या कार्ब्युरेटरमध्ये ना सेन्सर ना सॉफ्टवेअर, फक्त एक पितळी भोक. त्यामुळे जुन्या जेटवर ई२० टाकलं की गाडी आपोआप ७-८ टक्के लीन चालते.

म्हणजे एकही पार्ट न बदलता तुमची गाडी माझ्या चुकीच्या दिशेने थोडी सरकलेलीच आहे. त्यावर ओपन फिल्टर लावला की काय होईल, ते वर वाचलंच.

म्हणून सगळ्यात पहिला खर्च जेटवर करा. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घेऊन बघा, प्लगचा रंग तपासा. पांढरट म्हणजे लीन, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक, ओला काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. नव्या इंधनावर हा रंग थोडा फिकट दिसतो, म्हणून शंका असेल तर मोठ्या जेटकडे झुका. रबरी पेट्रोल पाइपही बदला, इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर कार्ब रिकामा करून ठेवा.

खिशातल्या फोनने मोजा

आरएक्स १०० ला आरपीएमचा काटा नाही. पण तुमच्याकडे फोन आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने (आरडब्ल्यूटीएच) बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप घ्या. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारा प्रयोग आहे.

सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला एक स्फोट, म्हणजे आवाजाची मूळ फ्रिक्वेन्सी गुणिले ६० बरोबर आरपीएम. १०० हर्ट्झला रेष दिसली तर ६००० आरपीएम. १२५ हर्ट्झ म्हणजे ७५००. आयडलला हा आकडा २०-२५ हर्ट्झ इतका खाली जातो, तो फोनच्या माइकला नीट पकडता येत नाही. अशा वेळी वरच्या रेषांमधलं अंतर मोजा, तेच उत्तर असतं.

आता दुसरी चाचणी. मोकळा, सपाट रस्ता. तिसऱ्या गियरमध्ये ३० च्या वेगावरून पूर्ण एक्सलरेटर, ६० पर्यंत किती सेकंद लागले ते फोनच्या जीपीएस रेकॉर्डिंगवरून नंतर घरी बघा. बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच आकडा देतो, म्हणून एका फेरीवर विश्वास ठेवू नका. जाताना तीन, येताना तीन, मग सरासरी. चढ आणि वारा दोन्ही त्यात कापले जातात.

फोन खिशात ठेवा, हँडलवर लावू नका. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे, आणि आरएक्सचं हँडल किती थरथरतं ते तुम्हाला माहीत आहे. गाडी चालवताना स्क्रीन बघायचीच नाही.

नोट्समध्ये तारीख, जेटचा नंबर, प्लगचा रंग आणि सरासरी वेळ लिहा. एका वेळी एकच बदल. मी दोन बदल एकत्र केले आणि तिसरा, जेटचा, विसरलो. त्यामुळे ‘गाडी भारी पळतेय’ एवढंच कळलं. का पळतेय ते कळलंच नाही.

आता अपग्रेड : परत फिरता येईल का, हा पहिला प्रश्न

मी आता प्रत्येक पार्टला हाच प्रश्न विचारतो. न आवडल्यास मूळ स्थितीत येता येईल का? म्हणजे ‘अनडू’ आहे का?

पुढचं स्प्रॉकेट : अनडू आहे, आणि खर्चही कमी. समजा पुढे १४ दात्यांचं आहे आणि तुम्ही १३ चं लावलं. मागच्या चाकावरचा जोर साधारण ८ टक्के वाढतो, तेवढाच प्रत्येक गियरचा वेग कमी होतो. शहरात आणि घाटात फिरणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. इंजिनला हातही लागत नाही.

फायबरच्या रीड पाकळ्या : अनडू आहे. जुन्या पाकळ्या थकलेल्या असतील तर फरक दिसेल. चांगल्या असतील तर थोडाच.

चेंबर, म्हणजे एक्सपान्शन चेंबर : अनडू आहे, पण नीट समजून घ्या. ७५०० आरपीएमला एक फेरी ८ मिलिसेकंदात होते. त्यातला साधारण अर्धा वेळ, ४ मिलिसेकंद, एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतो. तेवढ्या वेळात दाबाची लाट पाइपमधून जाऊन मागच्या निमुळत्या भागावर आपटून परत यायला हवी. ती बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद होता होता पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. गरम वायूत लाटेचा वेग ढोबळमानाने ५०० मीटर प्रतिसेकंद धरला, तर जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे पाइपची परिणामकारक लांबी १ मीटरच्या आसपास. ९५०० आरपीएमसाठी बनवलेला पाइप याहून आखूड लागतो. म्हणून ‘रेसिंग’ चेंबर वरच्या आरपीएमला गाडी पळवतो आणि खालची ताकद काढून घेतो. सिग्नलवरून निघताना तुम्ही ९५०० वर असता का? आणि पाइप बदलला की जेटिंग पुन्हा करायचंच.

एक गोष्ट अजून. मूळ सायलेन्सर नुसता कापून किंवा आतली जाळी काढून आवाज वाढतो, पॉवर वाढेलच असं नाही. उलट लाटेचं हे सगळं गणित बिघडू शकतं.

हेड घासणं : अनडू नाही. लेथवर हेड थोडं घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि मधल्या आरपीएमला ताकद मिळते. पण आधी सोल्डरची तार पिस्टनवर ठेवून इंजिन हाताने फिरवा आणि दबलेली जाडी मोजा. ही फट १ मिमीच्या आसपास असेल तर आणखी घासू नका. जास्त घासलं की नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडायचीही वेळ येते.

पोर्टिंग : अनडू अजिबात नाही. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की पॉवर वरच्या आरपीएमला सरकते. ग्राइंडरने कापलेलं लोखंड परत येत नाही. पोर्टचं माप लिहून न घेता ग्राइंडर उचलणाऱ्याच्या हातात ब्लॉक देणं म्हणजे बॅकअप न घेता फोन फॉरमॅट करणं.

आरएक्स १३५ चा ब्लॉक : स्ट्रोक तोच ५० मिमी, बोअर ५८, म्हणजे १३२ सीसी. ३५ टक्के मोठं इंजिन, त्यामुळे मोह होणारच. पण मोठी स्लीव्ह आत जाण्यासाठी क्रँककेसचं तोंड कापून मोठं करावं लागतं. मूळ केस कायमची गेली. शिवाय कागदावर ९८ सीसी आणि रस्त्यावर १३२, त्याचं काय?

वेगाचं गणित आणि ब्रेक

समजा सगळं करून ११ चे १४ हॉर्सपॉवर झाले. २७ टक्के वाढ. टॉप स्पीड किती वाढेल? जास्त वेगाला हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणून १०० चा वेग साधारण १०८ होतो. फक्त ८ टक्के.

पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १०० ऐवजी १०८ वरून थांबायचं तर ब्रेकला जवळजवळ १७ टक्के जास्त काम. आणि ब्रेक कोणते? दोन्हीकडे ड्रम, तेही तीस वर्षांचे. म्हणून इंजिनवर एक रुपया खर्च करण्याआधी ब्रेक शू, केबल आणि टायर नवीन करा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतीलच. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हाही गाडी तपासली जाते.

आणि ‘व्हिंटेज’ म्हणाल तर २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असायला हवी. म्हणजे सगळ्यात पहिल्या आरएक्सनाही २०३५ पर्यंत थांबायचं आहे. आज कापलेली केस त्या दिवशी आडवी येईल.

सध्या माझी गाडी कशी आहे?

चेंबर विकला. मूळ सायलेन्सर साफ करून परत बसवला, फिल्टरचा डबाही लावला. दोन्ही क्रँक सील नवीन, ०.५० चा पिस्टन, मेन जेट दोन नंबर मोठा, पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने लहान, ब्रेक शू नवीन. तिसऱ्या गियरमध्ये ३० ते ६० ची सरासरी वेळ चेंबरवाल्या दिवसांत मोजलीच नव्हती, त्यामुळे तुलना करता येत नाही. पण सील बदलण्याआधीची आणि आताची वेळ माझ्याकडे लिहिलेली आहे, आणि त्यात सव्वा सेकंदाचा फरक आहे. एकही ‘परफॉर्मन्स पार्ट’ न लावता.

मागच्या महिन्यात बाबांना चावी दिली. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले आणि पाऊण तासाने आले. हेल्मेट काढत एवढंच बोलले, “आता बरोबर वाजतेय.”

तुमच्या घरातही अशी गाडी असेल, तर या रविवारी पार्ट शोधू नका. प्लग काढा, रंग बघा आणि फोनमध्ये नवीन नोट उघडून पहिली ओळ लिहा : आजची तारीख, आणि गाडी आहे तशी.